स्लिपवर भलत्याच कंपनीचं नाव

आई: कुणाला यातलं कळत असेल तर सांगा. सायलीचा पहिला पगार झाला. ऑफर लेटर एका कंपनीचं आणि स्लिपवर नाव दुसऱ्याच कुणाचं. रुजू झाल्याची तारीख १० लावलीय. पोरगी १ तारखेपासून जातेय. नंदू, वाचतोयस ना?

आई: [फोटो]

मी: आई!! पगाराची स्लिप ग्रुपवर कशाला टाकलीस? डिलीट कर आधी.

वृंदामामी: अगं घरचाच तर ग्रुप आहे 😊 छान आहे हो पगार. अभिनंदन.

मी: मामी, प्लीज.

*हा मेसेज डिलीट केला आहे.*

नंदूमामा: गाडी चालवत होतो ताई. मी फक्त ओळख करून दिली. इंटरव्ह्यू तिने दिला, सही तिने केली. यात माझं नाव कशाला?

आई: तुझं नाव कुणी घेतलं? वाचतोयस का एवढंच विचारलं.

बंटीदादा: आत्या, "नंदू" असं लिहिलंस की नाव घेतल्यासारखंच होतं 😄

मोठेमामा: बंटी, गप्प बस. सायली, एचआरला फोन करू नकोस. मेल कर. लेखी पाहिजे.

नंदूमामा: दादा, मेल केला की उगाच तक्रार केल्यासारखं दिसतं. पहिलाच महिना आहे. मी बोलतो त्यांच्याशी.

आई: तू बोललास म्हणून तर ही वेळ आली.

वृंदामामी: सुधाताई, असं बोलणं बरं नाही. ह्यांनी चांगल्या मनाने केलं.

माधवीवहिनी: आत्या, एक मिनिट. सायली, अपॉइंटमेंट लेटर मिळालं का? ऑफर लेटर नाही म्हणत मी.

मी: नाही वहिनी. "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले.

माधवीवहिनी: ते माग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लेबर कोड म्हणजे नवे कामगार कायदे लागू झालेत, नेमणूकपत्र द्यावंच लागतं. तुला थर्ड पार्टी पेरोलवर घेतलेलं दिसतंय. म्हणजे काम या कंपनीत, पण कागदोपत्री मालक तो कंत्राटदार. आमच्याकडे रोज बघते मी हे. मुलांना महिनोन्महिने पत्ता नसतो, कारण बसायची जागा, आयकार्ड, साहेब सगळं मोठ्या कंपनीचं असतं.

मी: मला कुणी असं काहीच सांगितलं नव्हतं!

माधवीवहिनी: म्हणूनच विचारायचं. पगाराच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पीएफ भरायचा असतो. तो जमा झाला की पासबुकात बघ कुणाच्या नावाने आलाय. तिथे ज्याचं नाव, तो तुझा मालक. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, जुनाच दिलास ना, १२ आकडी?

मी: हो, तोच आहे. स्लिपवर बघितला.

मोठेमामा: मेल कर. फोनवर बोललेलं उद्या कुणी कबूल करत नाही.

बंटीदादा: बाबा, कळलं तिला.

वृंदामामी: आजीच्या वाढदिवसाचे फोटो कुणाकडे आहेत? माझ्या फोनमधले गेले 😔

नंदूमामा: माझं ऐकशील तर जुन्या कंपनीचा पीएफ काढून मोकळी हो. दोन खाती, दोन भानगडी कशाला?

माधवीवहिनी: नको काका! तिची तीनच वर्षं झालीत तिथे. सलग पाच वर्षांच्या आत काढला की टॅक्स लागतो. ट्रान्सफर केला तर ती तीन वर्षं पुढे धरली जातात. आणि पीएफसोबतच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात. पेन्शनचे पैसे काढले की मागची वर्षं गेली.

नंदूमामा: बंटीने काढलाच होता की. काय बिघडलं?

बंटीदादा: काका, तो विषय नको.

मोठेमामा: तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. बाईक दारात आल्यावर कळलं.

वृंदामामी: फोटो?

माधवीवहिनी: फोटो मी रात्री टाकते काकू. सायली, जुन्या कंपनीने तुझी नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर भरली का? ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो.

मी: रिकामी आहे. त्यांचे एचआर उत्तरच देत नाहीत.

माधवीवहिनी: त्यांची वाट बघू नकोस. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले की तुझी तूच भरू शकतेस, आधारवर ओटीपी येतो. रिलीव्हिंग लेटरवरचीच तारीख टाक, अंदाजाने नको. आणि आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा तपशील नव्या ऑफिसला दे. नाहीतर दोघेही आपापल्या परीने स्टँडर्ड डिडक्शनचे, म्हणजे पगारदारांना मिळणाऱ्या ठरावीक सुटीचे, ७५,००० धरतात, स्लॅबची सूटही दोन्हीकडे मिळते. मग टॅक्स कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना सगळा एकदम भरावा लागतो, वर व्याज.

आई: आणि ते नऊ दिवस?

माधवीवहिनी: एरिअर्स, म्हणजे राहिलेले पैसे, मागायचे आत्या, पण तारीख आधी दुरुस्त व्हायला हवी. त्या तारखेवर पुढे रजा, प्रोबेशन, ग्रॅच्युइटी सगळं मोजतात. १ तारखेची हजेरी किंवा त्या दिवशीचा वेलकम मेल असेल तर जोड.

मोठेमामा: मेल कर.

मी: करते, मोठेमामा. वेलकम मेल आहे माझ्याकडे.

नंदूमामा: आणि कंत्राटदाराने पीएफ भरलाच नाही तर? तेव्हा पुन्हा माझ्याच नावाने खडे फोडाल.

माधवीवहिनी: नाही काका. त्याने नाही भरला तर जबाबदारी ती जिथे काम करते त्या कंपनीवर येते. म्हणून तर दोघांची नावं कागदावर हवीत.

आई: माधवी, तू होतीस म्हणून बरं. बाकी लोक नुसती ओळख करून देतात.

वृंदामामी: सुधाताई, मी आता खरंच काही बोलणार नाही.

मी: आई, पुरे ना. मामाने मला मदतच केली. नोकरी मला आवडलीय.

*(दुसऱ्या दिवशी, दुपारी)*

मी: उत्तर आलं. तारीख १ करतायत, नऊ दिवसांचे पैसे पुढच्या पगारात. अपॉइंटमेंट लेटर मात्र कंत्राटदाराकडूनच येणार. "सहा महिन्यांनी थेट कंपनीच्या रोलवर घेऊ" असं म्हणालेत.

मोठेमामा: हे सहा महिन्यांचं मेलमध्ये लिहिलंय का?

मी: नाही. फोनवर बोलले.

माधवीवहिनी: मग आजच त्यांना लिही की आपलं फोनवर असं बोलणं झालं, कृपया कळवा. आणि लेटर हातात आल्याशिवाय सही नको. नोटीस पीरियड आणि बाँड आहे का ते आधी मला दाखव.

नंदूमामा: शनिवारी भेटतोय मी त्यांना. रोलवर घ्यायचं विचारू का?

आई: नको. तिचं ती विचारेल.

नंदूमामा: ठीक आहे ताई.