सोसायटी ग्रुप : आबांच्या स्प्लेंडरचं पेट्रोल

आबा, ए-203 (रात्री 8:41)
सर्व सभासदांना नमस्कार. सहा महिने गप्प बसलो, आता बोलतो. ए विंगच्या पार्किंगमधून माझ्या स्प्लेंडरचं पेट्रोल काढलं जातंय. पूर्वी पाचशेचं टाकलं की 385 किमी जायची. आता 272 ला परत पंपावर. मधल्या 113 किमीचं पेट्रोल कुठं जातं? जुनी गाडी आहे, कॉकची नळी ओढली की बाटली भरते. कोण करतंय ते मला माहीत आहे. नाव घेत नाही.

शिंदे, बी-104 (8:43)
गेटचा दिवा तीन महिने बंद आहे.

सेक्रेटरी (8:46)
आबा, नाव घेत नाही म्हणता पण रोख सगळ्यांना कळतोय. मामा सात वर्षं आपल्याकडं वॉचमन आहेत. पुरावा असेल तर मीटिंगला बोलू. ग्रुपवर नको 🙏

आबा, ए-203 (8:47)
मी मामांचं नाव कुठं घेतलं? चोराच्या मनात चांदणं.

सेक्रेटरी (8:47)
म्हणजे मी चोर?

वहिनी, बी-301 (8:50)
कॅमेरे बसवा म्हणून दिवाळीपासून सांगतेय. तेव्हा सगळे म्हणाले बजेट नाही. लॉनला बजेट होतं.

खजिनदार (8:52)
वहिनी, कॅमेऱ्याचं कोटेशन आलंय. सहा फ्लॅटची थकबाकी आली की लगेच बसवू. कोणते सहा ते मीही सांगत नाही.

बापू गॅरेजवाले, सी-2 (8:58)
आबा, पेट्रोल चोर मापात पाप करत नाही. नळी काढली की टाकी कोरडी करून जातो. दरवेळी अंदाजे तेवढंच कमी भरतंय म्हणजे चोरी नाही, मायलेज पडलंय. लीटरला किती देते ते सांगा.

आबा, ए-203 (8:59)
सांगितलं की. पाचशेत 272.

बापू गॅरेजवाले, सी-2 (8:59)
लीटरला आबा, लीटरला.

आबा, ए-203 (9:01)
मी पंपावर लीटर मागत नाही. पाचशे देतो. तीस वर्षं डायरी आहे माझी.

पाटील बुलेट, ए-401 (9:03)
मायलेज मोजायचं असेल तर माणसानं सायकल घ्यावी. आपली 32 देते, कधी तक्रार नाही 😎

सागर, सी-102 (9:04)
पाटील तुम्ही तक्रार करत नाही, बिल्डिंग करते. सकाळी सहाला स्टार्ट करताना.

देशपांडे काका, बी-202 (9:09)
विषय निघालाच आहे म्हणून. आमचा मुलगा लेस्टरला असतो. त्याची 650 सीसी मोटारसायकल 65 चा ॲव्हरेज देते. इकडं 100 सीसीला रडारड.

वहिनी, बी-301 (9:12)
आमचे जावई न्यू जर्सीत. त्यांचीही मोठीच आहे, 55 म्हणाले होते. रस्ते चांगले असले की होतं तसं. लेस्टरचे रस्ते जास्त चांगले असतील.

देशपांडे काका, बी-202 (9:13)
रस्त्याचा प्रश्न नाही वहिनी, चालवणाऱ्याचा आहे.

सेक्रेटरी (9:14)
विषयाला धरून बोला कृपया.

शिंदे, बी-104 (9:15)
विषय गेटच्या दिव्याचा आहे.

सागर, सी-102 (9:17)
माझा दोस्त जर्मनीत आहे. त्याची 4.3 देते 😂

पाटील बुलेट, ए-401 (9:17)
4.3?? ढकलत नेतो काय?

कुलकर्णी मॅडम, ए-101 (9:26)
सर्वांना शुभ संध्याकाळ. तिघांची गाडी जवळपास सारखंच पेट्रोल पिते.
देशपांडे साहेब, मुलाचे 65 हे गॅलनला मैल. ब्रिटनमध्ये पंपावर पेट्रोल लीटरने मिळतं, पण बोलताना लोक अजून गॅलनच धरतात. त्यांचा गॅलन 4.546 लीटरचा. म्हणजे लीटरला 23 किमी.
वहिनी, जावईबापूंचेही मैलच, पण अमेरिकेचा गॅलन लहान, 3.785 लीटर. त्यांचे 55 म्हणजे लीटरला 23.4.
सागर, मित्राचे 4.3 म्हणजे 100 किमीला लागणारे लीटर. 100 भागिले 4.3, पुन्हा 23 च्या थोडं वर. तिथं आकडा कमी तितकी गाडी चांगली.

वहिनी, बी-301 (9:28)
म्हणजे जावयांची 0.4 ने जास्त. असो. 🙂

देशपांडे काका, बी-202 (9:31)
मॅडम, गॅलनमध्येही दोन प्रकार असतात हे मला माहीत होतं. मी फक्त माहितीसाठी टाकलं होतं.

पाटील बुलेट, ए-401 (9:33)
म्हणजे माझी 32 जगात भारी. लेस्टर, न्यू जर्सी, जर्मनी सगळ्यांना मागं टाकलं 💪

सागर, सी-102 (9:34)
650 शी 350 ची बरोबरी. बरं.

आबा, ए-203 (9:36)
जगाचं झालं असेल तर शाहूपुरीतल्या चोरीचं बोलू का?

बापू गॅरेजवाले, सी-2 (9:41)
आबा, चालवता कशी ते बघू आधी. मागच्या महिन्यात तुमच्या पुढच्या चाकात हवा निम्मी होती. चेन इतकी सैल की स्विंग आर्मला घासत होती. एअर फिल्टर धुळीनं काळा. आणि क्लचवर बोटं ठेवून चालवता तुम्ही, प्लेट घासून गेल्यात.

आबा, ए-203 (9:43)
मी 40 च्या वर जात नाही. सिग्नलला बंद करतो. यवतेश्वरच्या घाटातून उतरताना तर इंजिनच बंद करतो. कासहून येताना पेट्रोल शून्य.

बापू गॅरेजवाले, सी-2 (9:45)
आबा तेवढं करू नका हो 🙏 इंजिन बंद म्हणजे सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापला की ब्रेक नुसता दाबतो, धरत नाही. गिअरमध्येच उतरायचं.

सागर, सी-102 (9:47)
माझी बीएस-6 आहे, मी न्यूट्रलवर उतरतो. वाचतं की.

बापू गॅरेजवाले, सी-2 (9:50)
तुझं उलटं आहे. तुझी इंजेक्शनची. गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडलास की इंजेक्टर पेट्रोल टाकायचंच थांबवतो, चाकच इंजिन फिरवतं. न्यूट्रल केलीस की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागणारच. वाचवायला जातोस आणि जाळतोस. आबांची कार्ब्युरेटरची, तिला उतारावर थोडं लागतंच. पण जीवापुढं चमचाभर पेट्रोल काय.

सागर, सी-102 (9:52)
पण घाटात चढताना 40, उतरताना 80, सरासरी 60 बसते ना?

कुलकर्णी मॅडम, ए-101 (9:55)
नाही बसत. कास 25 किमी धरा. जाताना 0.625 लीटर, येताना 0.3125. 50 किमीला 0.9375 लीटर, म्हणजे 53. चढावर पेट्रोल जास्त जळतं, म्हणून सरासरीही चढाकडं झुकते. मायलेजची सरासरी अशी बेरीज करून अर्धी करत नाहीत. हे मी आठवीला शिकवायचे.

सागर, सी-102 (9:56)
मॅडम मी आठवीत तुमच्याकडंच होतो 🙈

कुलकर्णी मॅडम, ए-101 (9:56)
म्हणूनच सांगितलं.

सागर, सी-102 (10:01)
पुण्याला जाताना मात्र मी बघितलंय. हायवेला 90 नं गेलो तर 41, खंबाटकीपर्यंत शहाण्यासारखा 55 नं गेलो तर 50 च्या पुढं. वेळ म्हणाल तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक.

बापू गॅरेजवाले, सी-2 (10:03)
वारा आहे तो. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा रेटा चौपट. त्यात तू पाठीवर ती सॅक फुगवून बसतोस.

पाटील बुलेट, ए-401 (10:05)
मॅडम, बापू म्हणतात सर्व्हिसिंग नीट केलं तर बुलेट 32 वरून 37 देईल. आबांचीही पाचनं वाढेल म्हणतात. मग दोघांचा फायदा सारखाच ना?

कुलकर्णी मॅडम, ए-101 (10:09)
तुमचा जास्त. 100 किमीला तुमचे 3.13 लीटर होते, 2.70 होतील. जवळजवळ अर्धा लीटर वाचला. आबांचे 57 चे 62 झाले तर 1.75 चे 1.61, जेमतेम 140 मिली. तहानलेल्या गाडीला पाच किमी फार मोठे असतात. जर्मन लोकांची पद्धत इथं कामाला येते, पेट्रोल किती लागलं ते सरळ दिसतं.

आबा, ए-203 (10:10)
57 कुठून आलं? मी 57 म्हणालोच नव्हतो.

कुलकर्णी मॅडम, ए-101 (10:12)
तेच विचारायचं होतं आबा. पाचशेत 385 ही नोंद कधीची?

आबा, ए-203 (10:19)
डायरी काढली. फेब्रुवारी 2020. पावतीपण चिकटवलेली आहे. लॉकडाऊनच्या आधीची.

कुलकर्णी मॅडम, ए-101 (10:20)
पावतीवर दर काय आहे?

आबा, ए-203 (10:22)
78.

कुलकर्णी मॅडम, ए-101 (10:22)
आणि परवाच्या पावतीवर?

आबा, ए-203 (10:25)
104.50

कुलकर्णी मॅडम, ए-101 (10:28)
तेव्हा पाचशेत 6.41 लीटर आलं. 385 भागिले 6.41, लीटरला 60. आता पाचशेत 4.78 लीटर येतं. 272 भागिले 4.78, लीटरला 57. आबा, 113 किमीपैकी जवळपास सगळे पंपावरच राहिले. पार्किंगमधून कोणी काही नेलेलं नाही.

पाटील बुलेट, ए-401 (10:29)
😂😂😂 आबा, चोर सापडला. दर.

सेक्रेटरी (10:30)
सर्वांनी नोंद घ्यावी.

आबा, ए-203 (10:33)
हसू नका. 60 चे 57 झाले ना? ते तीन कुठं गेले? तीन म्हणजे चोरीच.

बापू गॅरेजवाले, सी-2 (10:35)
हवा, चेन, फिल्टर. वर सांगितलं.

कुलकर्णी मॅडम, ए-101 (10:38)
आणि इथेनॉल. तेव्हा पेट्रोलमध्ये 5 टक्क्यांच्या आसपास असायचं, आता 20. लीटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. 15 टक्के वाढलं, त्याचा तिसरा हिस्सा 5 टक्के. 60 चे 5 टक्के, तीन.

आबा, ए-203 (10:39)
म्हणजे पेट्रोलच्या भावात उसाचा रस घालतात.

नाना, ए-302 (10:41)
आबा, इथेनॉलला नावं ठेवू नका. इतका वेळ वाचत होतो, आता बोलतो. गावाकडं चार एकर ऊस आहे माझा. कारखान्याची इथेनॉलची विक्री झाली की बिल वेळेत निघतं. तीन किमी कमी गेले तर काय बिघडलं?

आबा, ए-203 (10:42)
बिल तुमचं, किमी माझे.

नाना, ए-302 (10:43)
गुऱ्हाळाचा रस फुकट प्यायला येता तेव्हा किमी मोजत नाही.

सेक्रेटरी (10:44)
दोन्ही ज्येष्ठांना विनंती 🙏🙏

शिंदे, बी-104 (10:45)
गेटचा दिवा तीन महिने बंद आहे. तो चालू असता तर ही चर्चाच झाली नसती.

वॉचमन मामा (10:52)
नमस्कार. मी पण ग्रुपमध्ये आहे. सगळं वाचलं. आबा, गाडी लावल्यावर तुम्ही पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरता. रोज रात्री राऊंडला मी बंद करतो. गेल्या पावसाळ्यात खाली थेंब पडत होते तेव्हापासून. मी नळीला हात लावलेला नाही.

(10:53 ते 11:20 कोणाचाही मेसेज नाही.)

आबा, ए-203 (11:21)
हा मेसेज डिलीट केला आहे.

आबा, ए-203 (11:24)
हा मेसेज डिलीट केला आहे.

बापू गॅरेजवाले, सी-2 (11:26)
आबा, उद्या गाडी घेऊन या. फ्लोट पिन बघतो, थेंब तिथूनच असणार. टाकी फुल करून आणा. डबल स्टँडवर लावून काठोकाठ भरायची, मीटर लिहायचं, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच काठोकाठ. जेवढे लीटर बसले त्यानं किमी भागायचे. पाचशेची नोट विसरा.

आबा, ए-203 (सकाळी 6:50)
टाकी फुल केली, डबल स्टँडवर. मीटर लिहून ठेवलं. पाचशेचा हिशेबही वेगळ्या पानावर ठेवणार आहे, कारण पगार लीटरमध्ये नव्हता आणि पेन्शनही नाही. मामांना खाली चहाला बोलावलंय. आणि येताना पोवई नाक्यावरून गेटसाठी दिवा आणला, 9 वॅटचा. पैसे नकोत.

सेक्रेटरी (6:58)
धन्यवाद आबा 🙏🌹

शिंदे, बी-104 (7:02)
तिथं 12 चा लागतो.