पांढऱ्या घोड्यांची छायाचित्रे काळपट का येतात?

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत भर दुपारी काढलेल्या छायाचित्रांत पांढरे घोडे करडे आणि त्यांच्या मालकांचे चेहरे काळपट आले आहेत. निकॉनचा कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्राचा आकार आपण ठरवायचा, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) आणि मीटरिंग, म्हणजे प्रकाशमापन, मॅट्रिक्सवर (सगळी चौकट मोजणारे) होते. स्पॉट मीटरिंगने, म्हणजे एका लहानशा भागापुरता उजेड मोजून, हा दोष जाईल का?

उत्तर १ : घोड्यावरच स्पॉट धरलात तर चित्र आणखी काळवंडेल. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे गृहीत धरून मीटर चालतो. त्यामुळे चौकट पांढऱ्या अंगाने भरली की त्याला उजेड जास्त वाटतो आणि कॅमेरा शटरचा वेग वाढवतो. मॅट्रिक्स तसेच ठेवून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) +१, म्हणजे एक स्टॉप किंवा दुप्पट प्रकाश, करावे आणि हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही ना, हे पाहावे. काळ्या घोड्याला याच्या उलट, म्हणजे उणे करावे लागते. वेचणीनंतरच्या कापसाच्या ढिगालाही हाच नियम लागू पडतो.

उत्तर २ : फेट्याच्या सावलीतला चेहराच महत्त्वाचा असेल, तर स्पॉट तिथे धरणे योग्य, मात्र मग घोड्याची उन्हातली पाठ पांढरीफटक होईल, हे मान्य करावे लागेल. निकॉनमध्ये स्पॉट साधारणतः निवडलेल्या फोकस बिंदूवर मोजतो, तर कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये तो चौकटीच्या मध्यावरच राहतो. काढून झालेली छायाचित्रे रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या फाइलीत, असतील तर एखादा स्टॉप सहज उजळता येतो. जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने आकसून तयार केलेल्या फाइलीत) सावल्यांत दाणे लवकर दिसू लागतात.

प्रश्नकर्ता : छायाचित्रे रॉमध्येच आहेत. मॅन्युअल मोडमध्येही (छिद्र आणि शटर दोन्ही आपण ठरवायचे) +१ चालेल का?

उत्तर १ : आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ऑटो असेल तरच. एरवी ते बटण केवळ मीटरची खूण सरकवते, शटरचा वेग आपणच कमी करायचा.