पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचा कामिनो : पायाला फोड, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी आणि आई कामिनोला, म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागोच्या पायी तीर्थयात्रेला, पोर्तोहून समुद्राकाठच्या वाटेने निघालोय. आज मातोझिन्योशहून विला दो कोंदेपर्यंत आलो. जवळजवळ सगळी वाट लाकडी फळ्यांची, समोरून खारा वारा, वाट दाखवणारे पिवळे बाण बघत चालायचं. सोबतच्या दोन वयस्क बायका आईसाठी मुद्दाम सावकाश चालल्या, फार बरं वाटलं. पण आईच्या टाचेला रुपयाएवढा फोड आलाय, पाण्याने टम्म भरलेला. फोडावा की तसाच ठेवून पट्टी लावावी? आणि पुढे स्पेनच्या सीमेवरची मिन्यो नदी कामिन्या गावात होडीने ओलांडणं बरं, की वालेन्सा गावच्या पुलावरून पलीकडे स्पेनमधल्या तुईला जाणं? पाय दुखत असताना तुम्ही काय केलंत? कृपया आज रात्रीच सांगा, पहाटे निघायचंय.