‘नो डिस्प्ले’ मदरबोर्ड घेऊन दुरुस्त करावा, की नवाच घ्यावा?

रंकाळावेस

गेमिंग पीसीसाठी बंद पडलेला जुना मदरबोर्ड स्वस्तात घेऊन चालू करणे हा शहाणपणा आहे की जुगार, यावर इथे बरेच मतभेद असणार, आणि ते मोकळेपणाने मांडले जावेत म्हणून हा धागा काढत आहे. निमित्त असे की, शेजारच्या एका विद्यार्थ्याच्या पीसीचा बोर्ड गेला. त्याच्याकडचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि ग्राफिक्स कार्ड मात्र शाबूत आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत त्याला बी४५० चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य चिपचा) एक जुना बोर्ड १,२०० रुपयांना दाखवला, तोही ‘नो डिस्प्ले, जसा आहे तसा, परत घेणार नाही’ या अटीवर.

माझे मत असे की, निर्णय किमतीवरून न करता बोर्ड कशाने बंद पडला आहे यावरून करावा, आणि त्याचा बराचसा अंदाज दुकानात उभ्या उभ्या घेता येतो. ‘नो डिस्प्ले’ (स्क्रीनवर काहीच येत नाही) या एका शेऱ्याखाली परस्परांशी काहीही संबंध नसलेले दोष खपून जातात. बी४५० हा २०१८ चा चिपसेट आहे. २०२० च्या नोव्हेंबरात आलेले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर त्यावर चालतात, पण बायोस (बोर्ड सुरू करणारे त्यातले मूळ सॉफ्टवेअर) नवे केल्याखेरीज नाही. जुन्या बायोसच्या बोर्डावर कोणी असा प्रोसेसर बसवला, की पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते, आणि धडधाकट बोर्ड ‘डेड’ म्हणून काउंटरखाली जातो. बायोस अपडेट चालू असताना मध्येच वीज गेली (वळवाच्या पावसात आपल्याकडे ती जातेच), तरी दिसणारे लक्षण तेच असते. असा बोर्ड नवा बायोस मारला की उभा राहतो. काही बोर्डांवर तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय असते.

याउलट व्हीआरएममधला (प्रोसेसरसाठी व्होल्टेज कमी करणाऱ्या भागातला) वरचा मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विचसारखा भाग, शॉर्ट झाला असेल, तर तो बोर्ड फुकट मिळाला तरी त्यात प्रोसेसर लावू नये. प्रोसेसरला एक-सव्वा व्होल्टच्या आसपास वीज लागते, आणि तो मॉस्फेट आरपार झाला की एसएमपीएसचे (पीसीच्या पॉवर सप्लायचे) १२ व्होल्ट थेट कॉइलमधून त्याच्या अंगावर जातात. हे तपासायला मल्टीमीटर पुरतो. प्रोसेसर काढलेला आणि बोर्डाला वीज नाही अशा स्थितीत एक सळई आठ पिनी सॉकेटच्या १२ व्होल्टच्या पिनेवर ठेवावी आणि दुसरी प्रोसेसरच्या सॉकेटच्या कडेने रांगेत बसवलेल्या कॉइलच्या पायांवर एकामागून एक लावत जावे. कुठेही अखंड बीप आली, की बोर्ड काउंटरवर ठेवून निघावे.

सातवी गल्ली

मी असेंब्लीचे काम करतो, त्यामुळे हे काउंटरच्या आतल्या बाजूने लिहीत आहे. आपण सांगितलेली तपासणी योग्य आहे, पण तिच्यामागचे गृहीतक मला पटत नाही. बायोस लिहिण्याचा प्रोग्रॅमर काही शे रुपयांत मिळतो. दोष खरोखर तेवढाच असता, तर विकणाऱ्याने स्वतःच बायोस मारून तो बोर्ड चालू स्थितीत दुप्पट-तिप्पट किमतीला विकला असता. तो १,२०० रुपयांना समोर ठेवला जातो, याचा अर्थ सोपे उपाय करून झाले आहेत आणि ते लागू पडलेले नाहीत, असाच मी घेईन.

दुसरे म्हणजे, डिस्प्ले येणे आणि बोर्ड गेमिंगला टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चिपसेटवर हीट गन (गरम हवा सोडणारे यंत्र) फिरवून बोर्ड ‘चालू’ करणारे लोक आहेत. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळते. तापमानावर कोणताही ताबा नसताना अशी शेक दिली की तुटलेला सांधा कधीकधी तात्पुरता टेकतो आणि बोर्ड त्या मधल्या काळात विकला जातो. पुढे गेम तासभर चालला की पीसी अचानक बंद होतो, आणि मुलगा रॅम बदलून पाहतो, विंडोज पुन्हा टाकतो, ग्राफिक्स कार्डाला दोष देतो. पूर्ण मेलेला बोर्ड परवडतो, कारण तो निदान खोटी आशा लावत नाही.

एएम४ चे, म्हणजे या रायझनच्या सॉकेटचे, नवे ए५२० बोर्ड अजून मिळतात. साडेचार-पाच हजारांत बिल आणि बहुधा ३ वर्षांची वॉरंटी मिळते. १,२०० चा बोर्ड, ७००-८०० चे चिप लेव्हल काम (बोर्डावरचे सुटे भाग बदलून दुरुस्ती) आणि किरकोळ खर्च धरला, तर वाचतात अडीच हजार, आणि त्यासाठी चांगला प्रोसेसर पणाला लावायचा.

उद्यमनगरी

सातव्या गल्लीच्या साहेबांचा हिशेब चोख आहे, पण तो दुकानाचा आहे. शिवाजी उद्यमनगरात आजही इंजिनाला नवा बोअर-स्लीव्ह करून ते वर्षानुवर्षे चालवले जाते आणि त्याला कोणी जुगार म्हणत नाही. मग तोच न्याय बोर्डाला का नसावा? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांतही रिफर्बिशर (जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) हा वेगळा घटक धरलेला आहे, म्हणजे दुरुस्ती हा केवळ हौशी लोकांचा उद्योग राहिलेला नाही.

सातवी गल्ली

साहेब, उद्यमनगरात इंजिन गिऱ्हाईकासमोर खोलतात. सिलिंडर किती झिजला ते मापाने दाखवतात आणि मगच भाव सांगतात. बोर्डाचे थर एकमेकांवर दाबून चिकटवलेले असतात. आतला एखादा मार्ग तुटला असेल, तर तो ना तुम्हाला दिसतो ना मला. ई-कचरा नियमांचे म्हणाल, तर रिफर्बिशरला नोंदणी करावी लागते. काउंटरखालून निघालेल्या बिनबिलाच्या बोर्डाला त्याचे कवच कसे मिळणार?

रंकाळावेस

दोन मुद्द्यांना उत्तर देतो. विकणाऱ्याने सोपे उपाय करून पाहिले असतीलच, हे मला मान्य नाही. डेस्कटॉप बोर्ड विकणारे सगळेच दुरुस्ती करणारे नसतात. पुष्कळ बोर्ड ऑफिसांच्या आणि कॅफेंच्या जुन्या मालासोबत ढिगाने येतात आणि त्यांची एकदा पंखा फिरतो का एवढीच परीक्षा होते. चिप लेव्हल काम करणाऱ्यांचा वेळ लॅपटॉपमध्ये जातो, कारण मजुरी तिथे आहे. त्यामुळे सोप्या दोषाचे बोर्डही त्या ढिगात राहून जातात.

हीट गनचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, आणि त्याच्या खुणा शोधता येतात. चिपसेटचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) काढू द्यायला दुकानदार तयार नसेल, तर तिथेच शंका घ्यावी. चिपभोवती वाळलेल्या फ्लक्सचा (सोल्डरिंगला लावतात त्या रसायनाचा) तपकिरी चकचकीत थर, जवळच्या स्लॉटचे मऊ पडून किंचित वाकलेले प्लास्टिक, हीटसिंकच्या पिनांवर ओरखडे, यांपैकी काहीही दिसले तर बोर्ड आधी कोणाच्या तरी हातून गेला आहे असे समजावे. ज्याला कोणी हात लावलेला नाही असा मळका, धुळीने भरलेला बोर्ड मी चकचकीत पुसलेल्या बोर्डापेक्षा केव्हाही पसंत करीन.

पंचगंगाकाठ

धुळीबद्दल बोलताय, पण आपल्या गावात गाळाबद्दल बोलायला हवे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत शाहूपुरीपासून नदीकाठापर्यंत किती दुकानांत आणि घरांत पाणी शिरले हे सांगायला नको. त्यातले संगणक सगळेच भंगारात गेले असतील, असे मानण्याइतका मी भोळा नाही. बुडालेला बोर्ड धुऊन, वाळवून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून वरून स्वच्छ दिसतो. तो उलटा करून स्क्रूच्या भोकांभोवतीचे कडे पाहावे. तिथे चांदीसारखी चकाकी असायला हवी. ते काळवंडलेले असेल, किंवा ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटच्या खाचेत टाचणी फिरवल्यावर तिच्या टोकाला करडी माती लागत असेल, तर पुढे काही बोलण्याची गरज नाही. बायोसच्या सेलच्या खालचा भाग तर हमखास पाहावा. सीआर२०३२ सेल तीन व्होल्टचा असतो, आणि पाण्यात बुडालेल्या बोर्डावर तेवढ्या विजेनेही गंज चढत राहतो. हिरवट-पांढरी पुटे तिथेच आधी धरतात.

असा बोर्ड धुतल्यावर चालूही होतो, हीच अडचण आहे. चिपसेटखाली अडकलेले क्षार पावसाळी दमट हवेत पुन्हा ओल धरतात, आणि वीज वाहत असताना दोन शेजारच्या बिंदूंमध्ये धातूचे केसासारखे तंतू वाढू लागतात. आपल्याकडे चार महिने हवा तशीच असते. म्हणून माझा विरोध सरसकट नाही: पुराचा बोर्ड सोडून बाकीचा घ्या, पण कोल्हापुरात घेताना आधी तेवढेच तपासा.

गडहिंग्लजकर

सगळी चर्चा नव्या-जुन्या बोर्डाची चालली आहे, पण त्या मुलाचा पहिला बोर्ड कशाने गेला हे कोणी विचारलेच नाही. स्वस्त एसएमपीएसने तो घालवला असेल, तर पुढचाही जाईल, मग तो नवा घ्या वा जुना.

रंकाळावेस

हा प्रश्न मीच आधी विचारायला हवा होता, इतका तो रास्त आहे. आज त्याच्याकडून समजले की, एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेलाच आहे आणि त्यावर ‘५०० वॉट’ लिहिलेले असले तरी १२ व्होल्टच्या ओळीवर अँपिअर किती ते छापलेलेच नाही. तेव्हा खर्चाच्या हिशेबात पहिला आकडा एसएमपीएसचा धरावा लागेल, आणि त्यामुळे बोर्डावर वाचणारे पैसे आणखी महत्त्वाचे होतात.

बायोसबद्दल एक सूचना, कारण घरी करून पाहणारे लोक इथेच चिप घालवतात. सीएच३४१ए प्रोग्रॅमरचे काळ्या रंगाचे स्वस्त मॉडेल डेटा लाइनवर ५ व्होल्ट देते, तर बायोसच्या चिप ३.३ व्होल्टच्या असतात, आणि एएम४ च्या काही बोर्डांवर तर १.८ व्होल्टच्या, ज्यांना वेगळा अॅडॅप्टर लागतो. चिपवरचा नंबर वाचल्याशिवाय क्लिप लावू नये. जुना डेटा आधी वाचून जपून ठेवावा, कारण काही बोर्डांचा लॅनचा पत्ता आणि सीरियल नंबर त्यातच असतो.

सातवी गल्ली

एवढे सगळे करून पाहण्याची तयारी, भिंग आणि मल्टीमीटर ज्याच्याकडे आहे, त्याने बोर्ड जरूर घ्यावा. माझा आक्षेप त्या विद्यार्थ्याने घेण्याला आहे, कारण त्याच्याकडे यातले काहीच नाही आणि चाचणीसाठी दुसरा प्रोसेसरही नाही. तरीही घ्यायचाच असेल, तर माझ्याकडे जुना अॅथलॉन प्रोसेसर पडून आहे, तो घेऊन जा. मॉस्फेटची तपासणी झाल्यावर दुकानदारासमोरच तो बोर्डावर चढवून पाहा. दुकानदार त्याला राजी नसेल, तर १,२०० ऐवजी ५०० च्या वर बोलू नका. त्या मुलाचा ३६०० मात्र घरीच राहू द्या.

रंकाळावेस

ही अट मला मान्य आहे. ५०० ला मिळाला तर बायोसचा खर्च मी करतो, आणि कॉइलवर बीप आली तर ए५२० आपल्याच दुकानातून घेतो. फक्त बिलावर सीरियल नंबर लिहून द्या.