मंडळीचं काम वाढत चाललंय आणि माझी स्वतःची प्रार्थना आटत चाललीय, सेक्रेटरीपद सोडू का?

झेडपी_मास्तर

सगळ्यांना सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो (आता अहिल्यानगर झालं पण तोंडात नगरच बसलंय), झेडपी शाळेत शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) वार्षिक सभेत हात वर करून मला सेक्रेटरी केलं कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं. आमच्या पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) आणखी तीन गावं आहेत त्यामुळं ते महिन्यातले दोनच रविवार येतात, उरलेल्या रविवारी उपासना मी चालवतो, उपदेशही मीच करतो, घंटा वाजवायला पण कधी कधी मीच.

रजिस्टरला ११२ कुटुंबं आहेत आणि रविवारी चाळीस माणसं. तीही बहुतेक पन्नाशीच्या पुढची. तरुण पोरं बायपासला प्रार्थनेचा एक नवीन हॉल झालाय तिकडं जातात, तिथं ड्रम आहेत, गिटार आहे, स्क्रीनवर गाणी. आमच्याकडं कुणी नुसतं कीबोर्डचं नाव काढलं तरी दोन वडील (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) उठून उभे राहतात.

म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही तीन दिवसांची संजीवन सभा घेतली, म्हणजे लोकांची श्रद्धा पुन्हा जागी व्हावी म्हणून. मंडप, साऊंड, बाहेरून वक्ते, रोज रात्रीचं जेवण, सगळं मिळून ८५ हजार खर्च आला. शेवटच्या रात्री चारशेच्या वर माणूस होता, लोक रडले, पुढं येऊन गुडघे टेकले, मी पण रडलो, मला मनापासून वाटलं की आता आपली मंडळी जागी झाली. पुढच्या रविवारी मोजले तर ४३.

त्यात मंडपवाल्याचे सात हजार राहिले आणि ते कुणी द्यायचे यावरून कमिटीत भांडण झालं, ते पण आमच्याच घरी, रात्री साडेदहापर्यंत. माझा मुलगा दहावीला आहे, आतल्या खोलीत अभ्यासाला बसला होता. दुसऱ्या दिवसापासून तो चर्चला येत नाही. मी विचारलं तर म्हणाला, पप्पा तुम्ही लोक प्रभुभोजन (प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस) घेता एका ताटातलं आणि सात हजारासाठी एकमेकांची आई काढता. मला उत्तर देता आलं नाही.

आणि खरी गोष्ट ही सांगायचीय की मी पूर्वी पहाटे पाचला उठून बायबल वाचायचो, कुणासाठी नाही, माझ्यासाठी. आता वचन उघडलं की डोक्यात मुद्दे पडायला लागतात, हे रविवारी सांगता येईल, ते अमक्याला लागू पडेल. माझ्याशी ते काय बोलतंय तेच ऐकू येत नाही. मिसेस परवा म्हणाली, तुम्ही सगळ्या गावाच्या घरी प्रार्थनेला जाता, आपल्या घरी शेवटची कधी केली सांगा. मला आठवलं नाही.

कुणी यातून गेलंय का? मंडळी जागी कशानं होते? की मी हे पद सोडून गप मागच्या बाकावर बसावं?

निवृत्त_पाळक

मास्तर, सलाम. मी चौतीस वर्षं सेवा करून निवृत्त झालो. १९७० साली नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा मी शाळेत होतो, म्हणजे वयाचा अंदाज येईल.

आधी मंडपवाल्याचे पैसे द्या. या रविवारच्या आत. कमिटीत एकमत होत नसेल तर तुम्ही तुमच्या खिशातून द्या आणि नंतर मंडळीला सांगा. तो माणूस बहुतेक ख्रिस्ती नसेल आणि गावात तो चार ठिकाणी सांगत असेल की चर्चवाल्यांनी पैसे बुडवले, तुमची सुवार्ता गावानं तेवढीच ऐकली असं समजा. मग उपासना झाली की त्या ८५ हजारांचा सगळा हिशोब, कुणी किती दिले आणि कुठं गेले, बाकावर बसलेल्या म्हातारीलाही कळेल असा मोठ्यानं वाचा. माझ्या सेवेत मी दोन मंडळ्या अशा पाहिल्या की जिथं भांडण हिशोब न वाचल्यामुळं सुरू झालं आणि वाचल्यावर थांबलं.

आता संजीवनाचं. आपल्याकडं संजीवन म्हटलं की पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं १९०५ चं नाव निघतं, मीही लहानपणापासून ऐकत आलो. पण आपण त्यातला जून महिनाच सांगतो, मुली रडल्या, रात्रभर प्रार्थना चालल्या वगैरे. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी जानेवारीतच प्रार्थनेला मुली गोळा करायला सुरुवात केली होती, आधी सत्तरएक होत्या मग वाढत वाढत साडेपाचशे. आणि त्याच्याही मागं जा. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा बाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, पुढं १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या, त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती, विणकाम, छापखाना उभा केला. म्हणजे संजीवन आलं तेव्हा ती माणसं कित्येक वर्षं एका विहिरीचं पाणी पीत होती, एकमेकींच्या केसातल्या उवा काढत होती. तुमच्या सभेला चारशे माणूस आला, त्यातला कोण कुणाला ओळखत होता? मी तुमच्यावर ताशेरे ओढत नाही, मी स्वतः अशा अकरा सभा घेतल्यात.

पद सोडू नका, पण उपदेश थोडे दिवस कमी करा. एखाद्या रविवारी नुसतं स्तोत्र वाचा आणि प्रार्थना करा, मंडळी मरत नाही. आणि ११२ कुटुंबांचं रजिस्टर घेऊन रोज एका घरी जा. वर्गणीचं पुस्तक बरोबर नेऊ नका.

सिस्टरताई_मिरज

मास्तरदादा, मी नर्स आहे, मिरजेला ट्रेनिंग झालं आणि गेली बावीस वर्षं पाळकाची बायको आहे, म्हणून पाळकसाहेबांच्या वरच्या उत्तराला थोडं जोडते. ते म्हणाले रोज एका घरी जा. बरोबर आहे पण पहिलं घर स्वतःचं धरा.

आमच्याकडं हेच झालं होतं. साहेब कुणाच्या मयताला, कुणाच्या साखरपुड्याला, कुणाच्या पोराला पोलीस स्टेशनातून सोडवायला, आणि मी डबल ड्युटी करून घरी आले की मुलगी झोपलेली. एकदा शाळेत तिला निबंध होता, माझे बाबा. तिनं लिहिलं की माझे बाबा फोनवर असतात. बाईंनी मला बोलावून वही दाखवली. मी त्या दिवशी वॉर्डात जाऊन लिनन रूममध्ये रडले.

मग आम्ही ठरवलं की सोमवार आमचा. मयत सोडून कशालाही जायचं नाही. लोक चिडले, एक वर्ष टोमणे ऐकले, मग सवय झाली. आणि दुसरं, घरातली प्रार्थना साहेबांनी चालवायची नाही. जो सगळ्यात लहान तो चालवणार. आमची धाकटी पाच वर्षांची असताना प्रार्थना करायची की प्रभू आज भाजी चांगली होती आणि पप्पा घरी होते, आमेन. साहेब सांगतात की त्यांची आटलेली प्रार्थना तिथं परत सुरू झाली, कारण तिथं त्यांना काही शिकवायचं नव्हतं.

मुलाला चर्चला चल म्हणू नका आत्ता. त्याची माफी मागा. नीट समोर बसून, त्याची आई असताना, पप्पाचं चुकलं असं म्हणा. आपल्या लोकांत बाप पोराची माफी मागत नाही हे मला माहीत आहे. तरी मागा.

पुण्यातला_एक

मास्तर काका, मी तो हॉलला जाणारा पोरगा आहे असं समजा, तुमच्या नाही पण तशाच एका. माझं गाव पण नगर जिल्ह्यातलंच, आजोबा मिशनच्या शाळेत शिकलेले, मी संडे स्कूलमध्ये वाढलो, हंगामाच्या सणाला चर्चच्या अंगणात कोंबडीचा लिलाव व्हायचा त्यात आजोबा दरवर्षी स्वतःचीच कोंबडी जास्त बोली लावून परत विकत घ्यायचे, एवढं प्रेम होतं त्या चर्चवर.

आम्ही ड्रमसाठी गेलो नाही हो. म्हणजे ड्रम आवडतात, पण त्यासाठी नाही. २०१९ ला वडील पुण्यात आयसीयूत होते, नऊ रात्री. हॉलमधली दोन पोरं, ज्यांच्याशी माझी जेमतेम ओळख, ती रोज रात्री खाली पॅसेजमध्ये चादर टाकून झोपायची म्हणजे मला घरी जाऊन अंघोळ करता येईल. गावच्या मंडळीतून एक फोन आला, तो पण वार्षिक वर्गणी राहिलीय म्हणून. त्यांना माहीत नसेल की वडील आजारी आहेत, मी पण कळवलं नव्हतं, चूक माझीही आहे, पण तेव्हापासून मन तिकडून उठलं.

आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो. आमच्यातल्या बऱ्याच पोरांची नावं रजिस्टरला नाहीत ती जातीच्या दाखल्यामुळं. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, मग १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून नाहीत. म्हणजे मी बाप्तिस्म्याचा कागद दाखवला की माझ्या धाकट्या भावाची ॲडमिशन जाते. मग रविवारी उपदेशात कुणी म्हणतं की प्रभूला लोकांसमोर नाकारू नका, तेव्हा मागच्या बाकावरची निम्मी पोरं मान खाली घालतात. काका तुम्ही लीडर आहात तर त्यांच्याशी एकदा बंद दाराआड बोला, उपदेश न करता. त्यांना काय भोगावं लागतं ते नुसतं ऐका.

आणि हो, हॉलमध्ये सगळी गाणी हिंदी आणि इंग्लिश. कवी नारायण वामन टिळकांचं भजन ऐकायचं असलं की मला मोबाईलवर शोधावं लागतं. गुड फ्रायडेला मी अजून गावीच येतो, येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांच्या उपासनेला.

राहुरीचा_कीर्तनकार

भाऊ तू शेवटी बोललास ते वाचून डोळे भरले. सलाम मास्तर. पेटी तबल्यावर मी तीस वर्षं कीर्तन करतोय म्हणून कीबोर्डच्या भांडणावर बोलायचा थोडा हक्क मला आहे.

आपल्या वडील मंडळींना एवढंच विचारा की पेटी तबला चर्चमध्ये कधी आला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ ला नगरला आलं तेव्हा काय तो बरोबर घेऊन आलं होतं का? विलायती चालींवर मराठी शब्द बसवलेली गीतं होती. मग कृष्णराव सांगळ्यांसारखे लोक आले, त्यांनी कीर्तन आणलं. पुढं १८९५ ला नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, ओवी, भजन सगळं चर्चमध्ये आलं. तेव्हाही नावं ठेवणारे होतेच की हे देवळातलं इथं कशाला. आज तेच आमच्या म्हाताऱ्यांच्या काळजाचं झालंय. टिळकांना सुद्धा शेवटी मिशनच्या चौकटीत राहवेना, १९१७ ला नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेला न घेतलेला सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. (पुण्याच्या भावानं दाखल्याचं जे लिहिलंय ते वाचताना मला हाच दरबार आठवला.) दोन वर्षांत गेले ते, १९१९ ला.

माझं मत, कीबोर्ड आणा, पण त्यावर पहिलं गीत टिळकांचं बसवा आणि ते बसवायला पोरांना म्हाताऱ्यांच्या घरी पाठवा, चाल त्यांनाच माहितीये. पुस्तकात नुसते शब्द आहेत. चाल जिच्या गळ्यात आहे ती म्हातारी गेली की चाल गेली.

वसईकर_मनवेल

मी कॅथलिक, वसईचा, आमचं थोडं वेगळं असतं पण दुखणं सारखंच वाटलं. आमच्याकडं व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढं, मिस्सा (आमची मुख्य उपासना) लॅटिनमधून मराठीत आली. आमची आजी सांगायची की पहिल्यांदा आपल्या भाषेत मिस्सा ऐकली तेव्हा तिला कळलं की इतकी वर्षं फादर काय म्हणत होते. तो बदल वरून आला पण टिकला तो वस्तीवस्तीत, आठदहा घरांचा एक गट, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर जमायचं, शुभवर्तमान वाचायचं आणि त्या दहा घरांत कोण आजारी, कुणाची नोकरी गेली ते बघायचं. तुमच्या पुण्याच्या मुलाचे वडील अशा गटात असते तर पहिल्या रात्रीच कळलं असतं. ११२ कुटुंबं एकट्या सेक्रेटरीला पेलणार नाहीत, दहाबारा गट करा.

आणि चर्चचं काम म्हणजे फक्त चर्चच्या आतलं काम असं धरू नका. आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (२०२४ च्या जुलैत गेले) वसईची पाण्याची, झाडांची, जमिनीची लढाई लढले, हरित वसईच्या मोर्चात आम्ही पोरं म्हणून चाललोय, बरोबर हिंदू शेजारी. मला श्रद्धा बाकावर बसून जेवढी कळली त्यापेक्षा त्या रस्त्यावर जास्त कळली.

झेडपी_मास्तर

उशिरा लिहितोय, माफ करा, पाच आठवडे झाले. सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं, मिसेसलाही वाचून दाखवलं, सिस्टरताईंचं वाचताना तिनं मोबाईल हातातून घेतला आणि स्वतः वाचलं.

मंडपवाल्याचे पैसे दिले. त्यानं चहा पाजला. हिशोब वाचला त्या रविवारी एक वडील मध्येच उठून गेले, अजून येत नाहीत, त्यांच्याकडं दोनदा जाऊन आलो, दार उघडतात पण बसा म्हणत नाहीत. जात राहणार.

मुलाची माफी मागितली. तो काही बोलला नाही, मान हलवली. चर्चला अजून येत नाही पण रात्रीच्या प्रार्थनेला बसतो, घरात सगळ्यात लहान तोच असल्यामुळं प्रार्थना त्याच्याकडं आली, दोन ओळींची करतो.

रजिस्टरमधली एकोणीस घरं झाली. चौदाव्या घरी एक आजी भेटल्या, गुडघ्यामुळं सहा वर्षं चर्चला आलेल्या नाहीत आणि आम्ही कमिटीत त्यांचं नाव निष्क्रिय म्हणून लिहून ठेवलं होतं. मी बसलो तर त्यांनी टिळकांचं एक पद सगळीच्या सगळी कडवी तोंडपाठ म्हटलं, आमच्या चर्चमध्ये म्हणतात त्या चालीत नाही, वेगळ्याच. त्यांच्या सासूकडून आलेली चाल म्हणे. मी शाळेतल्या सवयीनं वही काढली होती मुद्दा लिहून घ्यायला, ती मिटून ठेवली. पुढच्या शनिवारी हॉलला जाणारी दोन पोरं कीबोर्ड घेऊन त्यांच्या घरी जायला तयार झालीत, दाखल्याचं बोलणं निघालं होतं तेव्हा त्यांच्याशी ओळख झाली, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

निघताना आजी म्हणाल्या की मास्तर, सहा वर्षं झाली प्रभुभोजन घेतलं नाही, मरायच्या आत एकदा मिळेल का. निवृत्त पाळकसाहेब, तुम्हालाच विचारतो, आमच्या पाळकसाहेबांना घरी येऊन द्यायला सांगू का? त्यांचं आधीच चार गावांचं ओझं आहे म्हणून संकोच वाटतो.

निवृत्त_पाळक

सांगा, आजच फोन करा. संकोच कसला, पाळकाचं ते पहिलं काम. ते येतील त्या रविवारी उपासना झाली की तसेच घेऊन जा आणि दोन-चार वडील बरोबर न्या, आजींना एकटीनं घ्यायला लावू नका. जे उठून गेले त्यांनाही विचारा, येता का म्हणून.