बोअरचं पाणी, पीएच ८.२ वरून खाली येईना, पालक पिवळा पडतोय. अ‍ॅक्वापोनिक्सवाले कुणी आहेत का?

बार्शीचा_बाळ्या
नमस्कार मंडळी. घरामागं वीस बाय पंधराची मोकळी जागा होती तिथं दिवाळीनंतर अ‍ॅक्वापोनिक्स चालू केलंय, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी, तेच पाणी फिरून परत टाकीत. लोखंडी पिंजऱ्यातली ती पांढरी हजार लिटरची टाकी, त्यात पंगसची १८ बोटुकली सोडली होती, आता वीतभर झालीत. निळे ड्रम उभे चिरून त्याचे खडीचे बेड केलेत, पाणी चढवायला कूलरचा पंप, बेड भरला की पाणी आपोआप खाली सोडणारा बेल सायफन पण झकास चालतो. मासे एकदम मजेत, खाद्य टाकलं की नुसता दंगा. अमोनिया नायट्राइट शून्य दाखवतंय, नायट्रेट येतंय, म्हणजे सायकल झालीय (माशांच्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू जमलेत) असं मी धरतो. पण पालक आणि मेथीची नवीन पानं पिवळी धमक येतायत, शिरा तेवढ्या हिरव्या, खालची जुनी पानं मात्र बरी आहेत. पीएच ८.२. शेजारचे काका म्हणाले लिंबू पिळ, पिळले, संध्याकाळी ७.५ झाला आणि परवा परत ८.२. किती लिंबं पिळू राव, दहाला तीन मिळतायत इथं. वांग्यावर मावा पण आलाय, त्याला निंबोळी अर्क मारायचा विचार आहे. खाद्य रोज २० ग्रॅमच्या आसपास पडतं.

रंकाळा_नाईट
पहिलं म्हणजे लिंबू बंद कर आणि अर्क तर अजिबात मारू नको, बेडवरनं ओघळून तो थेट टाकीत जाणार, आणि निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन माशांना त्रासाचं असतं. माव्याला पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पानाच्या खालच्या बाजूनं जोरात फवारा मार, दोन-तीन दिवस सलग, आणि पिवळे चिकट सापळे लाव. साबणाचं पाणी पण नको, गुळण्या करायला लागतील मासे.
आता पीएच. खडी कसली आहे? बरेच जण शोभेची पांढरी खडी आणतात, ती संगमरवराची निघते आणि मग जन्मभर पीएच खाली येत नाही. मूठभर खडी धुऊन वाळव, त्यावर व्हिनेगर ओत. फेसाळली तर चुना आहे, सगळी उपसायची तयारी ठेव.

ऑरेंजसिटी_भाऊ
भाऊ मार्च लागला आता, त्या पांढऱ्या टाकीवर ऊन पडून पाणी हिरवं होईन ना. बाहेरून काळा रंग दे अन् त्यावर पांढरा, वरून ५० टक्केवाली शेडनेट. आमच्याकडे मे महिन्यात पालक लावायच्या भानगडीत पडूच नये, सरळ अंबाडी, पुदिना न् वांगे ठेवा. अन् पंगसपेक्षा मांगूर टाक, मरतच नाही तो.

रंकाळा_नाईट
@ऑरेंजसिटी_भाऊ मांगूर म्हणजे कुठला ते सांगा, बाजारात त्या नावानं बहुतेक थाई मांगूर खपवतात आणि त्याच्या पालनावर बंदी आहे. भलतं काही सुचवू नका पोराला.

ऑरेंजसिटी_भाऊ
गावरान म्हणत होतो बाप्पा. पण मान्य, बीज ओळखता आलं पाहिजे.

बार्शीचा_बाळ्या
व्हिनेगर ओतून बघितलं, काही नाही, एक बुडबुडा नाही. क्रशरची काळी खडीच आहे आपली. पाण्यावर पण संशय नाही, कारण बोअर चालू करून तिथल्या तिथं ग्लासात मोजलं तर ७.३ येतं. मग टाकीत जाऊन त्याचं ८.२ कसं होतं? हे कोडंच सुटंना.

वडनेरचा_द्राक्षवाला
कोडं इथंच आहे. बोअरचं पाणी खोलातून येतं तेव्हा त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो, म्हणून ताजं मोजलं की पीएच कमी दिसतो. वर आलं, सायफननं घुसळलं, हवा लागली की तो वायू उडून जातो आणि पाणी आपला खरा रंग दाखवतं. एक बादली भर, त्यात एअर पंपाचा दगड टाकून रात्रभर बुडबुडे चालू ठेव आणि सकाळी मोज. पैज लावतो ८ च्या वर असणार. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी असंच, बायकार्बोनेटनं भरलेलं. गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते का बघ, तीच ती.
लिंबानं का होत नाही तेही सांगतो. लिंबातलं ॲसिड पाण्यातले जिवाणूच दोन दिवसात खाऊन टाकतात, त्यामुळे खाली आलेला पीएच आपोआप जागेवर जातो. आणि पीएच हा आकडा नुसता वरवरचा आहे, खाली अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड जिरवणारं बायकार्बोनेट, किती साठलीय ते मोज. शोभेच्या माशांच्या दुकानात ती मोजायचं केएच किट मिळतं, पाच मिली पाण्यात थेंब थेंब टाकायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत मोजायचं, एक थेंब म्हणजे साधारण १८ पीपीएम (लिटरला १८ मिलिग्रॅम).
आता ढोबळ हिशोब. माशांच्या अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्च होते, १ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनला सुमारे ७ ग्रॅम. तुझं खाद्य २० ग्रॅम, ३२ टक्के प्रोटीन धरलं तर त्यात नायट्रोजन १ ग्रॅम, त्यातला निम्मा अमोनिया होऊन पाण्यात येतो असं धर, म्हणजे रोज साडेतीन ग्रॅम अल्कलिनिटी संपते. दुसरीकडे उन्हानं आणि झाडांनी रोज किती पाणी कमी होतं? २५ लिटर भरत असशील आणि पाणी ४०० पीपीएमचं असेल तर रोज १० ग्रॅम आत येते. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. मग उतरणार कसा पीएच.

माळरान_६५
तुमचं चालू द्या, पण हा सगळा उपद्व्याप कशाला म्हणतो मी. शेततळ्यात मासे सोडायचे आणि तेच पाणी ठिबकनं भाजीला द्यायचं, आम्ही तेच करतोय, ना सायफन ना किट.

बार्शीचा_बाळ्या
काका शेततळं असतं तर केलं असतं की, रान नाही आपल्याला, ही मागची जागाच काय ती.
@द्राक्षवाला दादा जिंकलात पैज. रात्रभर बुडबुडे सोडले, सकाळी ८.३. किट पण आणलं, २२ थेंब टाकले तेव्हा कुठं पिवळं झालं. पाणी रोज बादली-दीड बादली भरतो, म्हणजे तुमचा हिशोब बरोबरच बसतोय. आता काय करू? मासे वाढवले तर खाली येईल का, जास्त अमोनिया म्हणजे जास्त खर्च?

सावर्डेकर_ताई
आमच्याकडे चिपळूणला नेमकं उलटं हो. विहिरीचं आणि पावळीचं पाणी इतकं मऊ की पावसाळ्यात पीएच ६ च्या खाली सरकतो, जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया चढायला लागतो. मी कालवांची शिंपलं धुऊन, ठेचून जाळीच्या पिशवीत भरते आणि पंपाचं पाणी पडतं तिथे टांगते, पाणी आंबट झालं की ती आपली आपण थोडी थोडी विरघळतात. तुम्ही मात्र शिंपलं-अंड्याची टरफलं असलं काही कुणाचं वाचून टाकू नका, तुमच्या पाण्यात चुना आधीच उतू जातोय. पत्र्याचं छप्पर असेल तर येत्या पावसाळ्यात ड्रम लावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे दहा बाय दहाच्या पत्र्यावर एक बरी सर २५ मिलिमीटरची आली तरी सव्वादोनशे लिटर. पहिल्या पावसाचं सोडून द्या, धूळ आणि कावळ्यांची शिट असते.

वडनेरचा_द्राक्षवाला
ताईंचं सोळा आणे खरं. पावसाचं पाणी आणि बोअर निम्मं निम्मं केलं तरी अर्धा भार कमी.
@बाळ्या मासे आत्ता मुळीच वाढवू नकोस. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर असतो. पाणी ३० अंशाला असेल तर पीएच ७ ला एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी नसतो, ८.२ ला तोच ११ टक्क्यांच्या आसपास जातो. आज किट शून्य दाखवतंय म्हणून मासे मजेत आहेत, एक दिवस पंप बंद पडला आणि खाद्य जास्त झालं की गेले. पंगस वर येऊन हवा घेतो, तो तसा चिवट, पण अमोनियापुढे चिवटपणा चालत नाही. आहेत तेच १८ वाढले की खाद्य आपोआप वाढेल.
पावसाळ्यापर्यंत असं कर. भरायचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये घे, त्यात फॉस्फोरिक ॲसिड. ठिबकच्या ॲसिड ट्रीटमेंटला आम्ही वापरतो तेच, कृषी सेवा केंद्रात मिळतं. हातमोजे, चष्मा, आणि ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. थोडं टाकायचं, रात्रभर बुडबुडे, सकाळी मोजायचं, ६.८ च्या आसपास स्थिर राहिलं की मगच टाकीत. माशांच्या टाकीत थेट ॲसिड ओतायचं नाही. सगळ्या सिस्टिमचा पीएच हळूहळू सरकेल, महिना लागला तरी चालेल, मासे अचानक बदल सोसत नाहीत. बेडमध्ये पाणी खडीच्या वरच्या थरापासून दोन बोटं खालीच थांबलं पाहिजे, वरची खडी कोरडी राहिली की वाफ कमी आणि शेवाळ पण धरत नाही. टाकीवर झाकण घाल.
पालकाचं म्हणशील तर ती लोहाची कमतरता आहे. जुनी पानं हिरवी आणि कोवळी पिवळी, शिरा हिरव्या, हे त्याचंच लक्षण. माशांच्या खाद्यातून लोह पुरेसं येत नाही आणि ८ च्या वर जे येतं तेही झाडाला घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) टाकू नको, या पाण्यात त्याचा गंज होऊन खाली बसेल. दुकानदार हमखास ईडीटीएनं बांधलेलं १२ टक्केवालं लोह हातात देतो, तेही या पीएचला टिकत नाही. पाकिटावर ईडीडीएचए ६ टक्के लिहिलेलं बघून घे, महाग आहे पण थोडंच लागतं. हजार लिटरला ३० ते ३५ ग्रॅम, बादलीत विरघळवून बेडवर फिरवून टाक, तीन आठवड्यांनी परत. पाणी लालसर होईल, ते तसंच असतं. आधी पिवळी झालेली पानं हिरवी होण्याची वाट बघू नको, नवीन येणारी बघ.

रंकाळा_नाईट
त्यात एक भर, लाइट गेल्यावरचं बघून ठेव. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप टाकीत सोडलेला असू दे, लाइट गेली की आपोआप चालू होणारा मिळतो. आणि पाइपलाइनला पितळी नळ किंवा तांब्याचा तुकडा कुठं लावला नाहीस ना? तांबं पाण्यात उतरलं की माशांना बाधतं.

बार्शीचा_बाळ्या
एक पितळी कॉक आहे की हो पंपाच्या तोंडाला! उद्याच काढून प्लॅस्टिकचा बसवतो. ईडीडीएचए इथं दोन दुकानात विचारलं, नाही म्हणाले, सोलापूरला चुलतभाऊ जाणार आहे शनिवारी त्याला सांगतो. ॲसिडचं आधी एका बादलीवर करून बघतो, आकडे इथंच टाकतो.