इंग्रजी बोलीतलं 'हिट': तुम्हाला कुठे कुठे अडलं?

धागाकर्ती: शाळेत शिकलेला 'मारणे' हा अर्थ धरून बसलं की बोली इंग्रजी निम्मी डोक्यावरून जाते. शिकवताना, भाषांतरात, उपशीर्षकांत 'हिट'ने कुठे अडवलं ते नेमक्या अर्थासह लिहा. सुरुवात माझ्याकडून: भूतकाळातही रूप 'हिट'च राहतं. त्यामुळे 'ही' किंवा 'शी'नंतर 'हिट्स' नसून नुसतं 'हिट' असेल, तर गोष्ट घडून गेली असं समजायचं.

उपशीर्षकवाला: 'ही हिट ऑन हर' म्हणजे त्याने तिच्यावर लाइन मारली. मराठीत क्रियापदही तेच, भाषांतर आयतं मिळतं. पण 'दे हिट ऑन अ प्लॅन' म्हणजे त्यांना युक्ती सुचली. 'ऑन'च्या पुढे माणूस आहे की कल्पना, एवढं बघा. 'हिट अपॉन' असेल तर बहुधा सुचणंच.

व्याकरणकिडा: 'हिट मी अप' म्हणजे मला मेसेज टाक, फोन कर. चॅटवर 'एचएमयू'. सर्वनाम मध्येच बसवायचं. 'हिट अप मी' चुकीचं. पुढे 'फॉर मनी' आलं की अर्थ पैसे मागणे असा होतो. साहेबांच्या ईमेलात मात्र नको, फार सलगीचं वाटतं.

पाठांतर नको: 'हिट द सॅक', 'हिट द हे': झोपायला जाणे. 'हिट द बुक्स': अभ्यासाला बसणे. 'हिट द रोड': निघणे. 'हिट द रूफ': भडकणे. 'हिट द बॉटल': दारूच्या नादी लागणे. यातलं 'द' हलवू नका. 'ही हिट अ बुक' म्हटलंत तर त्याने खरंच पुस्तकाला फटका मारला.

पत्तेबाज: ब्लॅकजॅकमध्ये 'हिट मी' म्हणजे आणखी एक पत्ता दे. बेरीज 21च्या वर गेली की 'बस्ट', डाव गेला. थांबायचं असेल तर 'स्टँड'. उपशीर्षकात 'मला मार' असं आलं की भाषांतरकाराने दृश्य न बघताच काम उरकलंय हे ओळखावं.

सुपारी: उपशीर्षकवाल्यांच्या नियमाला एक मोठा अपवाद. 'दे पुट अ हिट ऑन हिम' इथे 'ऑन'पुढे माणूसच आहे, पण त्याची सुपारी दिलीय! 'हिट'च्या आधी 'अ' दिसला की ते नाम झालं, लाइन मारण्याचा संबंध संपला. 'टेक अ हिट'सुद्धा नामच. नफ्याबद्दल, अब्रूबद्दल बोलत असतील तर फटका बसणे, गांजाबद्दल असेल तर झुरका.

उपशीर्षकवाला: मान्य. आधी 'अ' तपासायचा, मग 'ऑन'.

लांब पल्ला: मॅरेथॉनवाल्यांचं 'हिट द वॉल' साधारण 30-32 किलोमीटरच्या आसपास ऐकू येतं. ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या इंधनाचा) साठा संपत येतो आणि पाय उचलेनासे होतात. 'हिट अ वॉल' मात्र कुठल्याही कामात अडून बसण्याला चालतं.

इट-दॅट: 'इट' आणि 'दॅट' जपून. 'वी हिट इट ऑफ' म्हणजे आमचं लगेच जमलं. त्यात प्रेमप्रकरण असेलच असं नाही. 'हिट इट!' ही वादकांना सुरू करा म्हणून दिलेली आरोळी. माणसाबद्दल 'हिट दॅट' म्हणणं मात्र सरळ अश्लील. तरुण मंडळींच्या 'धिस साँग हिट्स डिफरंट'मध्ये व्याकरणाने 'डिफरंटली' हवं, पण तसं दुरुस्त केलंत की बोलीची मजाच गेली. मराठीत मी 'वेगळंच भिडतं' असं करते.